मॉनिटरच्या मागे स्क्रीनबरोबर रंग बदलणारी लाईट कशी निवडायची: भिंतीपासून सेटिंगपर्यंत

स्क्रीनवर जे रंग चालू आहेत तेच मागच्या भिंतीवर पसरवणाऱ्या लाईट्स आता बऱ्याच जणांनी बघितल्यात, आणि एकदा बघितल्या की आपल्याही टेबलावर हव्याशा वाटतात. पण घ्यायला गेलं की गोंधळ उडतो, कारण बॉक्सवर सगळ्यांनीच 'सिंक' असं लिहिलेलं असतं आणि प्रत्येकाच्या सिंकचा अर्थ वेगळा निघतो. काही लाईट फक्त आवाजावर नाचतात, काहींचा रंग फक्त अ‍ॅपमधून बदलतो, आणि खरोखर स्क्रीन वाचून जिथल्या तिथे रंग टाकणाऱ्या त्यातल्या थोड्याच असतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ब्रँड, एलईडी किती, अ‍ॅप किती छान दिसतंय हे सगळं नंतर. आधी एवढंच बघायचं की लाईटला रंगाची माहिती कुठून मिळते. फिलिप्सने २००४ मध्ये अ‍ॅम्बिलाइट टीव्ही आणला तेव्हा लाईट टीव्हीच्याच अंगात होती, चित्र टीव्हीकडेच होतं, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. आपण मॉनिटरला बाहेरून लाईट लावतो तेव्हा तिला कोणीतरी सांगावं लागतं की डाव्या कोपऱ्यात आत्ता केशरी आहे आणि उजवीकडे वर निळं आहे. हे सांगणारा कोण आहे, तो किती वेगाने सांगतो आणि कुठे गप्प बसतो, यावर तुमचे पैसे सत्कारणी लागणार की नाही ते ठरतं.

पहिली पायरी: मॉनिटरच्या मागे काय आहे ते बघा

ही लाईट आपण थेट बघत नाही, आपण बघतो ती भिंत. त्यामुळे मॉनिटरची पाठ खिडकीकडे किंवा मोकळ्या खोलीकडे असेल तर कितीही भारी लाईट आणा, ती समोरच्या माणसाच्या डोळ्यात जाईल आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. अशा ठिकाणी मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना उभे ठेवायचे लाईट बार थोडंफार काम करतात, पण खरं सांगायचं तर टेबल फिरवता येत असेल तर आधी ते फिरवा.

भिंत आणि मॉनिटरची पाठ यात साधारण १० ते ३० सेंटीमीटर अंतर असलं की बरं. अगदी चिकटून असेल तर कडेला अरुंद झगझगीत पट्टा पडतो आणि एकेक एलईडीचा ठिपका वेगळा दिसतो, फार लांब असेल तर रंग एकमेकांत मिसळून भिंतीवर नुसता फिकट धुरळा उरतो. भिंत पांढरी किंवा फिकट राखाडी आणि मॅट असेल तर उत्तम. पिवळसर भिंत निळा रंग खाऊन टाकते, त्यामुळे समुद्राचा सीन मळकट दिसतो, हे सॉफ्टवेअरमधून थोडं सुधारता येतं पण पूर्ण नाही. गडद भिंत बराचसा प्रकाश शोषून घेते. ऑइल पेंटची चकचकीत भिंत किंवा टाइल्स असतील तर ठिपके आरशासारखे दिसतात, तिथे डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारं दुधी आवरण) असलेलीच एलईडी पट्टी घ्यावी लागते.

एक साधी टेस्ट करून बघा. रात्री खोलीची लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्च मॉनिटरच्या मागे कडेपासून तीन-चार सेंटीमीटर आत भिंतीकडे तोंड करून धरा आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्यावर जसं दिसेल तसं बघा (दुसऱ्या कोणाला धरायला सांगितलं तर सोपं जातं). टॉर्चचा प्रकाश भिंतीवर छान पसरलेला दिसला तर जागा लायक आहे. त्याच वेळी मॉनिटरची पाठ पण बघून घ्या, कारण बऱ्याच मॉनिटरला मधे फुगवटा असतो, हवेच्या जाळ्या असतात, आणि पट्टी चिकटवायला सपाट कड कुठे मिळते हे घरी पार्सल आल्यावर कळून उपयोग नाही.

दुसरी पायरी: मॉनिटरवर नक्की काय चालतं

कागदावर लिहा, खरंच लिहा. मॉनिटरला फक्त एकच पीसी जोडलेला आहे का? गेमिंग कन्सोल आहे का? सिनेमे, सिरीज कशावर बघता, स्ट्रीमिंगवर की स्वतःच्या फाइल्सवर? रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) किती, ६० हर्ट्झ की १४४ की त्याहून जास्त? केबल डिस्प्लेपोर्ट आहे की एचडीएमआय? एचडीआर (जास्त उजेड आणि रंग दाखवणारा चित्राचा प्रकार) चालू ठेवता का? ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यावर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी आहे का? पुढचा अख्खा निर्णय या उत्तरांवर उभा आहे.

तिसरी पायरी: रंग कुठून घ्यायचा ते ठरवा

इथे तीन मुख्य रस्ते आहेत, आणि एक चौथा ज्यात निवडायला फारसं काही नसतं.

पहिला रस्ता म्हणजे पीसीवरचं सॉफ्टवेअर. पीसीवर एक प्रोग्राम सतत चालतो, स्क्रीनच्या कडेच्या भागांचे सरासरी रंग काढतो आणि यूएसबी किंवा वायफायवरून लाईटच्या कंट्रोलरला (लाईट चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला) पाठवतो. माझ्या मते एकच पीसी असणाऱ्या बहुतेक लोकांसाठी हाच रस्ता सगळ्यात चांगला आहे. रंग अचूक मिळतात कारण ते थेट चित्रातूनच घेतलेले असतात, मधे कॅमेरा नाही, जास्तीचा डबा नाही, आणि रिफ्रेश रेट २४० हर्ट्झ असला तरी केबलला हात लागत नाही म्हणून त्यावर काही परिणाम नाही. विंडोजमध्ये विंडोज ८ पासून डेस्कटॉप डुप्लिकेशन नावाची सोय आहे, तिच्यामुळे स्क्रीन वाचायचं काम बऱ्यापैकी हलकं झालंय. मॅकवर प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, ती दिली नाही तर सॉफ्टवेअर चालू दिसतं पण लाईट काही हलत नाही. लिनक्सवर वेलँड (स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी व्यवस्था) असेल तर तिथेही परवानगीची खिडकी येते, तेव्हा त्याला सपोर्ट करणारं सॉफ्टवेअरच बघा.

पण याच्या अडचणी पण नीट समजून घ्या कारण दुकानदार त्या सांगत नाहीत. पीसी बंद म्हणजे सिंक बंद, मॉनिटर कन्सोलवर टाकलात की लाईट मेली. दुसरं म्हणजे स्ट्रीमिंगवाल्या सिनेमांना कॉपी प्रोटेक्शन असतं, त्यामुळे तुम्हाला चित्र व्यवस्थित दिसत असताना सॉफ्टवेअरला मात्र काळा चौकोन दिसतो आणि भिंत अंधारात राहते. ब्राउझरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं की काही वेळा हे सुटतं, पण मग व्हिडिओचा भार प्रोसेसरवर येतो, आणि स्ट्रीमिंगचं वेगळं अ‍ॅप वापरत असाल तर हा उपाय लागू पडत नाही. तिसरं, एचडीआर चालू असताना जुनी सॉफ्टवेअर्स रंग फिके आणि धुतल्यासारखे पकडतात, तेव्हा एचडीआरचं टोन मॅपिंग (म्हणजे ते रंग साध्या रंगांत नीट बसवणं) करणारं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, हायपरएचडीआर त्यासाठीच ओळखलं जातं. आणि दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर कधीकधी सॉफ्टवेअर एका चिपवर चालतं आणि मॉनिटर दुसऱ्या चिपवर असतो, मग काहीच पकडलं जात नाही. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या प्रोग्रामला मॉनिटरवालीच चिप दिली की बहुतेक वेळा मार्ग निघतो.

दुसरा रस्ता एचडीएमआय सिंक बॉक्सचा. पीसी किंवा कन्सोलची केबल आधी बॉक्समध्ये, बॉक्समधून मॉनिटरला. बॉक्स मधल्यामधे सिग्नल वाचतो आणि लाईटला रंग सांगतो. याचा मोठा फायदा म्हणजे कॉपी प्रोटेक्शनवाला सिनेमा पण चालतो आणि कन्सोल पण चालतो, कुठलं सॉफ्टवेअर नको की परवानगी नको. ज्यांच्या मॉनिटरला दोन-तीन वस्तू जोडलेल्या आहेत आणि संध्याकाळ सिनेमा-सिरीजमध्ये जाते त्यांनी हाच विचार करावा.

मात्र मॉनिटरवाल्यांसाठी यात एक मोठी मेख आहे. हे बॉक्स टीव्ही डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात, म्हणून सगळं एचडीएमआयवर, डिस्प्लेपोर्टला जागाच नाही. आणि बॉक्सला जेवढं झेपतं तेवढंच मॉनिटरपर्यंत पोचतं. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट प्रति सेकंद, त्यात ४के ६० हर्ट्झला बसतं, ४के १२० किंवा १४४ हवं असेल तर एचडीएमआय २.१ लागतं. फिलिप्स ह्यूचा २०१९ चा सिंक बॉक्स ४के ६० पर्यंतचा होता, नंतर ४के १२० घेणारा ८के बॉक्स वेगळा आला. म्हणजे महागडा हाय रिफ्रेश मॉनिटर घेतला आणि मधे जुना बॉक्स टाकला की मॉनिटरचा अर्धा वेग तुम्ही स्वतःच्या हाताने काढून घेतला. बॉक्सवर लिहिलेलं रिझोल्युशन आणि हर्ट्झ या दोन आकड्यांची जोडी बघायची, नुसतं '४के' बघून समाधान मानायचं नाही, आणि व्हेरिएबल रिफ्रेश रेट (गेमच्या वेगाप्रमाणे बदलणारा) वापरत असाल तर तो बॉक्समधून पुढे जातो का ते स्पेसिफिकेशनमध्ये शब्दशः लिहिलेलं असलं पाहिजे. १४४० रिझोल्युशनचे मॉनिटर आणि अल्ट्रावाइड यांचा तर स्पष्ट उल्लेख शोधाच, टीव्हीत हे आकार नसतात म्हणून बॉक्स बनवणारे बऱ्याचदा ते विसरतात.

तिसरा रस्ता कॅमेऱ्याचा. मॉनिटरच्या वर किंवा खाली एक छोटा कॅमेरा बसतो, तो स्क्रीनकडे बघतो आणि जे दिसेल त्यावरून लाईट चालवतो. गोव्हीच्या अनेक किटमध्ये हीच पद्धत आहे, नॅनोलीफनेही काढलीय. कुठलाही सोर्स चालतो, एचडीआर असो, कॉपी प्रोटेक्शन असो, कन्सोल असो, ऑफिसचा लॅपटॉप असो, कॅमेऱ्याला काहीच फरक पडत नाही. लावायला पण सोपं, कॅलिब्रेशनसाठी स्क्रीनच्या कोपऱ्यांवर छोटे ठोकळे चिकटवून अ‍ॅपमध्ये ते दाखवायचे, झालं.

किंमत चुकवावी लागते ती रंगात. कॅमेरा स्क्रीनकडे तिरक्या कोनातून बघतो, त्याला खोलीतला ट्यूबलाइट, खिडकीतलं ऊन, चकचकीत पॅनलवरचं प्रतिबिंब हे सगळंच दिसतं, त्यामुळे दिवसा रंग भरकटतात आणि फिके शेड पांढऱ्याकडे झुकतात. थोडा उशीर पण होतो, सिनेमात तो खपून जातो पण वेगवान गेममध्ये डोळ्याला जाणवतो. टीव्ही लांबून बघतो म्हणून कॅमेरा खटकत नाही, मॉनिटर हाताच्या अंतरावर असतो आणि स्क्रीनच्या मधोमध वरून लोंबणारा तो डोळा कायम समोर येतो. वेबकॅम आधीच वर असेल तर जागेची मारामारी होते. आणि कर्व्ह्ड किंवा अल्ट्रावाइड मॉनिटरला टोकाचे रंग बरोबर पकडले जात नाहीत, तेव्हा तुमच्या मॉनिटरचा आकार सपोर्टेड यादीत आहे का ते बघितल्याशिवाय घेऊ नका. आणखी एक, स्क्रीनकडे तोंड केलेला कॅमेरा तुमच्या वायफायवर बसणार आहे, ज्यांना गोपनीय कामं स्क्रीनवर करावी लागतात त्यांनी याचा विचार करायलाच हवा.

चौथा प्रकार म्हणजे मॉनिटरमध्येच बसवलेली लाईट, फिलिप्सच्या काही मॉनिटरमध्ये अ‍ॅम्बिग्लो नावाने मिळते. चित्र मॉनिटरकडेच असल्यामुळे प्रत्येक इनपुट चालतं आणि बाहेरची वायर नको. पण फक्त लाईटसाठी मॉनिटर बदलू नका, मॉनिटर पॅनलसाठी घ्यायचा असतो. आणि विंडोज ११ मधलं डायनॅमिक लायटिंग बघून फसू नका, ते आरजीबी कीबोर्ड, माऊस वगैरे एका जागेवरून सांभाळायला आहे, स्क्रीनचे रंग कडेकडेने वाचून भिंतीवर टाकायचं काम ते स्वतः करत नाही.

थोडक्यात ठरवायचं तर: एकच पीसी आणि मुख्यतः गेम, यूट्यूब, स्वतःच्या फाइल्स असतील तर सॉफ्टवेअर. कन्सोल आणि स्ट्रीमिंग दोन्ही असेल, मॉनिटर ६० किंवा १२० हर्ट्झचा असेल आणि बजेट असेल तर बॉक्स. सोर्स खूप, बजेट कमी आणि वापर रात्रीचा, तर कॅमेरा. दोन अडचणीत अडकलेले लोक असतात, समजा २४० हर्ट्झचा डिस्प्लेपोर्ट मॉनिटर आणि त्यालाच कन्सोल पण. त्यांनी पीसीसाठी सॉफ्टवेअरवर राहावं आणि कन्सोलच्या वेळी पट्टीला एकच मंद पांढरा रंग लावून ठेवावा, डोळ्यांना तो पण पुष्कळ आराम देतो.

चौथी पायरी: पट्टी कोणती

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. साधी आरजीबी पट्टी एका वेळी सगळीकडे एकच रंग दाखवते. तिला चार वायरी असतात, लाल-हिरवा-निळा आणि एक पॉवरची, बहुतेक १२ व्होल्टची. स्क्रीनच्या डावीकडे जंगल आणि उजवीकडे आग असेल तर ती दोघांची सरासरी काढून भिंतीवर चिखल दाखवेल. आपल्याला अ‍ॅड्रेसेबल पट्टी पाहिजे, जिच्यात प्रत्येक एलईडीला (किंवा छोट्या तुकड्याला) स्वतःची चिप असते आणि वेगळा रंग देता येतो. कंपन्या तिलाच आरजीबीआयसी, एआरजीबी, ड्रीमकलर अशी नावं देतात. 'डब्ल्यूएस२८१२बी' हे नाव दिसलं तर ती ५ व्होल्टची, तीन वायरींची, सगळ्यात जास्त वापरली जाणारी पट्टी.

मदरबोर्डवर जोडायचा विचार असेल तर डोळ्यात तेल घालून बघा. चार पिनचं हेडर (केबल लावायच्या पिनांची जागा) १२ व्होल्टचं असतं आणि तीन पिनचं एआरजीबी हेडर ५ व्होल्टचं. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर लागली की ती जळते.

एलईडी किती दाट हव्यात? मीटरला ३० पासून १४४ पर्यंत मिळतात. मॉनिटरला ६० पुरेशा होतात, कारण भिंतीवर रंग तसेही मिसळतातच, आणि जास्त दाट घेतली की करंट वाढतो, फरक मात्र दिसत नाही. मॉनिटर भिंतीच्या फारच जवळ असेल तरच दाट पट्टी किंवा डिफ्यूझरवाली घ्या. पांढऱ्या रंगासाठी वेगळी एलईडी असलेली 'एसके६८१२' आरजीबीडब्ल्यू पट्टी पण मिळते. जे लोक दिवसभर साधा पांढरा बॅकलाइट ठेवतात आणि रात्री सिंक लावतात त्यांच्यासाठी ती खरंच चांगली, कारण तीन रंग मिसळून बनवलेला पांढरा बऱ्याचदा निळसर येतो. फक्त कंट्रोलर आणि सॉफ्टवेअरला चौथा चॅनल कळतो का ते बघा.

पाचवी पायरी: लांबी आणि पॉवरचं गणित

तयार किट घेणार असाल तर त्यावर मॉनिटरची साइज लिहिलेली असते, तिच्यातच राहा. लांब पट्टी घेऊन गुंडाळून ठेवली तर रंग चुकीच्या जागी पडतात आणि काही किटच्या पट्ट्या कापता पण येत नाहीत. ह्यूची पीसीसाठीची ग्रेडियंट पट्टी २४ ते २७ इंच आणि ३२ ते ३४ इंच अशा वेगवेगळ्या मापात येते ती याच कारणाने.

स्वतः जुळवणार असाल तर मोजपट्टी घ्या. २७ इंचाचा १६:९ मॉनिटर साधारण ६० सेंमी रुंद आणि ३४ सेंमी उंच असतो. पट्टी सगळ्या बाजूंनी ४ सेंमी आत लावायची धरली तर चारही बाजू मिळून सुमारे १५५ सेंमी होतात. २४ इंचाला हेच १३५ च्या आसपास आणि ३४ इंची अल्ट्रावाइडला १९५ च्या आसपास. खालची बाजू स्टँडमुळे किंवा टेबलावर प्रकाश चमकतो म्हणून बरेच जण सोडून देतात, आणि मलाही तीन बाजूच जास्त आवडतात, कारण टेबलावर पडलेला रंग कीबोर्डकडे बघताना त्रास देतो.

आता करंट. डब्ल्यूएस२८१२बी ची एक एलईडी पूर्ण पांढरी जळताना साधारण ६० मिलिअँपिअर घेते. १५५ सेंमीमध्ये ६० च्या दाटीने ९२ एलईडी बसतात, म्हणजे जास्तीत जास्त साडेपाच अँपिअर. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे पूर्ण ब्राइटनेसला त्यावर जेमतेम ८ एलईडी. म्हणून यूएसबीवर चालणारी स्वस्त किट्स एक तर फार कमी एलईडीची असतात किंवा ब्राइटनेस मुद्दाम दाबलेला असतो. ५ व्होल्ट ६ अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर घेतला की २७ इंचापर्यंत काळजी नाही. प्रत्यक्षात ४० टक्क्यांच्या वर ब्राइटनेस जात नाही म्हणून करंट कमीच लागतो, पण अ‍ॅडॉप्टर कायम कमाल आकड्यावर घ्यायचा, नाहीतर पांढरा सीन आला की पट्टीचं शेवटचं टोक लालसर-पिवळं पडतं. दोन मीटरच्या पुढे पट्टी गेली तर दोन्ही टोकांना पॉवर द्या.

कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ बोर्ड आणि त्यावर डब्ल्यूएलईडी नावाचं मोफत फर्मवेअर (बोर्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) ही जोडी मला सगळ्यात लवचिक वाटते. पीसीवर प्रिझमॅटिक, हायपरियन किंवा हायपरएचडीआर यांपैकी एक सॉफ्टवेअर टाकायचं, ते याला रंग पाठवतं. डब्ल्यूएलईडीत करंटची मर्यादा घालायची सोय आहे, तिथे आपल्या अ‍ॅडॉप्टरचा आकडा आठवणीने भरा कारण आधीपासून असलेला आकडा फार कमी, ८५० मिलिअँपिअर असतो आणि लोक मग लाईट मंद का म्हणून डोकं खाजवत बसतात. बोर्डाचा डेटा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो आणि ५ व्होल्टच्या पट्टीला साडेतीनच्या पुढचा हवा असतो, बऱ्याचदा तसंही चालून जातं, पण पहिल्या एलईडीपासूनच रंग लुकलुकत असतील तर मधे ७४एएचसीटी१२५ ही लेव्हल शिफ्टर चिप टाका. आणि सगळ्या वस्तूंची ग्राउंड वायर एकत्र जोडलेली पाहिजे.

शक्य असेल तर कंट्रोलर यूएसबी केबलने पीसीला जोडा, वायफायवर गर्दी असली की लाईट मधेच अडखळते. केबलवर पण एक गोष्ट बघायची, ती म्हणजे बॉड रेट (केबलवरून डेटा जायचा वेग). ११५२०० ठेवला तर ९२ एलईडीचा एक फ्रेम जायला जवळपास २५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ४० फ्रेमच्या वर जाताच येत नाही. तोच ५००००० केला की ६ मिलिसेकंदांच्या आत काम होतं. लाईट मागे पडते म्हणून पट्टी बदलणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा.

सहावी पायरी: बसवणं

मॉनिटर बंद करून थंड होऊ द्या, पाठीची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पट्टीची चिकटपट्टी धुळीवर आणि तेलकट प्लास्टिकवर टिकत नाही, आधी कोपरे सुटतात. हवेच्या जाळ्या झाकू नका. कोपऱ्यात पट्टी मोडून वळवू नका, आतली तांब्याची पट्टी तुटते. तांब्याच्या खुणेवर कापून सोल्डर करा किंवा कोपऱ्याचा कनेक्टर वापरा, आणि तयार किटमध्ये लवचिक कोपरा असेल तर गोल वळण द्या. पट्टीवर बाण असतो, डेटा त्याच दिशेने जातो, उलटा लावला तर काहीच पेटणार नाही. कायमचं चिकटवायच्या आधी कागदी टेपने तात्पुरती लावून एकदा सगळी पेटवून बघा.

सातवी पायरी: सेटिंग, जिथे खरी मजा ठरते

बॉक्समधून काढली तशी लाईट बहुतेक वेळा फार भडक आणि फार चंचल असते, आणि त्यामुळे लोक चार दिवसांत कंटाळून बंद करतात. थोडा वेळ द्या. सगळ्यात आधी एलईडीचा क्रम आणि सुरुवातीचा कोपरा बरोबर करा. स्क्रीनवर माऊसने एक लाल खिडकी कडेकडेने फिरवा, भिंतीवर लाल डाग तिच्या मागे गेला पाहिजे. मग पूर्ण पांढरं पान उघडा आणि भिंतीवरचा पांढरा स्क्रीनच्या पांढऱ्याशी जुळेपर्यंत जो रंग जास्त दिसतो तो कमी करा, बहुतेक वेळा निळा आणि हिरवा, पिवळसर भिंत असेल तर लाल आणि हिरवा. पिवळसर भिंतीचं दुखणं पण इथेच जेवढं कमी होईल तेवढं होतं.

ब्राइटनेस कमी ठेवा, तुम्हाला वाटतो त्याहून कमी. भिंत स्क्रीनपेक्षा स्पष्टपणे मंद दिसली पाहिजे, डोळा चित्रावर राहिला पाहिजे. स्मूदिंग म्हणजे रंग किती हळू बदलायचा ते. सिनेमाला जास्त ठेवा, म्हणजे सीन कट झाला की भिंत लुकलुकण्याऐवजी सरकत जाते, गेमला कमी ठेवा. काळ्या सीनमध्ये एलईडी पूर्ण विझण्याआधी फडफडतात, त्यासाठी किमान प्रकाशाची मर्यादा असते, तिथे अगदी मंद पातळी द्या किंवा एका आकड्याखाली सरळ बंद. सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या ओळखायचं सेटिंग चालू करा, नाहीतर वरची लाईट पूर्ण सिनेमाभर झोपून राहील. रंग घ्यायचा भाग कडेपासून स्क्रीनच्या साधारण १० ते १५ टक्के आत ठेवा, अगदी कडेचाच घेतला तर टास्कबार आणि खिडकीची चौकट सुद्धा भिंतीवर येते.

दोन प्रोफाइल बनवून शॉर्टकट लावा. एक सिंकचं आणि दुसरं स्थिर पांढरं, ६५०० केल्विनच्या जवळचं, मंद. लिहिणं, वाचणं, कोडिंग करताना दुसरंच वापरा, कारण प्रत्येक टॅब बदलला की भिंत रंग बदलत असेल तर लक्ष लागत नाही. फोटो किंवा व्हिडिओचे रंग सुधारायचं काम असेल तर सिंक पूर्ण बंदच पाहिजे. भिंत हिरवी असताना डोळा स्क्रीनवरचा राखाडी गुलाबीकडे झुकलेला बघतो आणि तुम्ही फोटोत नको तो बदल करून बसता. व्यावसायिक मास्टरिंगच्या खोल्यांत मागची भिंत स्थिर, तटस्थ डी६५ (म्हणजे ६५०० केल्विनच्या जवळच्या प्रमाण) पांढऱ्यात आणि अगदी मंद ठेवायची पद्धत आहे ती याचसाठी.

घरात कोणाला लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येण्याचा किंवा मायग्रेनचा त्रास असेल तर ही लाईट त्यांच्या समोर चालवू नका, स्मूदिंग वाढवूनही नाही. स्क्रीनवरचा स्फोट एरवी स्क्रीनपुरता असतो, ही लाईट तो अख्ख्या भिंतीवर टाकते.

आठवी पायरी: परत करायची मुदत संपायच्या आत तपासा

पहिल्याच रात्री या गोष्टी बघून घ्या. तुम्ही नेहमी बघता ती स्ट्रीमिंग सेवा त्याच ब्राउझरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये चालवा आणि भिंत पेटते का बघा. एचडीआर चालू-बंद करून रंग तेच राहतात का बघा. मॉनिटरचा रिफ्रेश रेट बॉक्स लावल्यावरही पूर्ण मिळतोय का ते विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तपासा. आवडता गेम फुलस्क्रीनमध्ये खेळा, फ्रेम रेट आधीपेक्षा पडला का बघा, आणि पडला तर सॉफ्टवेअरचा कॅप्चर वेग ६० वरून ३० वर आणा. ऑनलाइन गेमला अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) असेल तर गेममध्ये घुसून चित्र पकडणारे पर्याय बंद ठेवा, साधं डेस्कटॉप कॅप्चरच वापरा. पीसी झोपवून परत उठवा, लाईट आपोआप जोडली जाते का, आणि पीसी बंद केल्यावर शेवटच्या रंगात अडकून रात्रभर जळत तर राहत नाही ना. राउटर दहा मिनिटं बंद ठेवा आणि लाईट इंटरनेटशिवाय निदान स्विचने तरी चालू-बंद होते का बघा, नाही झाली तर सर्व्हर कधी बंद पडला तर तुमची पट्टी पण बंद. यातली तुमच्या वापराची एखादी जरी गोष्ट फसली आणि सेटिंगने सुटली नाही, तर 'होईल सवय' म्हणून ठेवू नका, परत पाठवा आणि रंग घ्यायचा दुसरा रस्ता धरा.